विंडो बंद, प्रोग्रॅम चालूच: मिरजेच्या वाचकाला उत्तर

नमस्कार. सांगलीत कृष्णेची पाणीपातळी दर ५ मिनिटांनी इंटरनेटवरून उतरवून घेणाऱ्या, माझ्या लेखातल्या सी++ प्रोग्रॅमवर तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. विंडो बंद केली तरी प्रोग्रॅम टास्क मॅनेजरमध्ये चार-पाच मिनिटं रेंगाळतो. थ्रेडचा (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामाचा) एवढा पसारा कशाला, 'एसटीडी::असिंक' (काम दुसऱ्या थ्रेडवर सोपवणारं तयार फंक्शन) एका ओळीत भागवतं. आणि तेही नको असेल तर 'डिटॅच' करून, म्हणजे थ्रेडला वाऱ्यावर सोडून, मोकळं व्हावं. पहिली तक्रार शंभर टक्के खरी आहे, चूक माझी. पण तुम्ही सुचवलेली दोन्ही औषधं घेऊ नका.

रेंगाळण्याचं कारण डाउनलोड नाहीच. दोन फेऱ्यांमध्ये मी ५ मिनिटांचं 'स्लीप_फॉर', म्हणजे थ्रेडची झोप, लावलंय. झोपलेल्या थ्रेडला हाका मारून उपयोग नसतो. 'जॉइन', म्हणजे थ्रेड संपायची वाट बघणं, तो उठेपर्यंत ताटकळतो. त्याजागी 'कंडिशन_व्हेरिएबल_एनी'चं 'वेट_फॉर' घ्या आणि त्याला 'स्टॉप_टोकन' (थांबायचा निरोप पोचवणारी खूण) द्या. थांबायचा निरोप आला की ते लगेच परततं. त्यासाठी सी++२० मधला 'जेथ्रेड' लागेल. साधा 'थ्रेड' जॉइन न करता नष्ट झाला तर 'टर्मिनेट' होऊन अख्खा प्रोग्रॅम आडवा होतो. जेथ्रेड डिस्ट्रक्टरमध्ये (नष्ट होताना आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) आधी थांबायला सांगतो, मग जॉइन करतो. फक्त क्लासमध्ये त्याला सगळ्यात शेवटी ठेवा. मेंबर, म्हणजे क्लासमधले घटक, उलट्या क्रमाने नष्ट होतात. बफर (उतरलेला डेटा ठेवायची जागा) त्याच्या खाली लिहिलात तर बफर आधी जाईल आणि थ्रेड सोडून दिलेल्या मेमरीत लिहीत बसेल. असला दोष दहादा चालवून एखाद्या वेळीच दिसतो, म्हणूनच जास्त छळतो.

आता असिंक. ते जे 'फ्युचर' (कामाचा निकाल पुढे मिळवायची वस्तू) परत देतं, ते तुमच्या एका ओळीत कशातच साठवलेलं नाही. म्हणजे अर्धविरामापाशीच ते नष्ट होणार, आणि त्याचा डिस्ट्रक्टर काम संपेपर्यंत वाट बघतो. डाउनलोड दुसऱ्या थ्रेडवर खरं, पण विंडो तिथेच गोठलेली! फ्युचर साठवून ठेवलंत तर हीच वाट विंडो बंद करताना बघावी लागेल. शिवाय 'लाँच::असिंक' लिहिलं नसेल, तर काम 'गेट'ने निकाल मागेपर्यंत पुढे ढकलायची मुभा स्टँडर्डच देतं.

डिटॅचमध्ये विंडो झटकन जाते, हे कबूल. पण 'मेन' (प्रोग्रॅमचं मुख्य फंक्शन) संपलं की थ्रेड जिथे असेल तिथे तुटतो. सांगलीच्या आयर्विन पुलाशी ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी. फाइलमध्ये '४१' ऐवजी नुसतं '४' उतरलं, तर ते कोरड्या नदीसारखं दिसेल. म्हणून फाइल आधी तात्पुरत्या नावाने, त्याच फोल्डरमध्ये पूर्ण लिहायची आणि मग 'रिनेम' करायची. हे डिटॅच न करताही पाळा.

थ्रेड नेमका डाउनलोडच्या मधे असला तर? लिबकर्लमध्ये (डाउनलोड करणाऱ्या लायब्ररीत) 'नोप्रोग्रेस' ० करा आणि 'एक्सफरइन्फो' कॉलबॅकमधून (लिबकर्ल मधेमधे बोलावतं त्या आपल्या फंक्शनमधून), थांबायचं असेल तेव्हा १ परत द्या. काहीच बाइट येत नसले तरी तो कॉलबॅक साधारण सेकंदाला एकदा लागतो, आणि ट्रान्सफर एरर ४२ देऊन सुटतं. तो एक सेकंद दिसू नये म्हणून विंडो आधी लपवा, जॉइन नंतर. टाइमआउट मात्र तुम्हीच द्यायचे: एकूण वेळेला मुळात मर्यादाच नाही, आणि कनेक्शनची मर्यादा ३०० सेकंद आहे. पावसाळ्यात टॉवर फुल दिसतो आणि डेटा येत नाही, हे सांगलीकरांना सांगायला नको. कनेक्शनला १० सेकंद द्या, आणि 'लो_स्पीड' जोडीने सलग २० सेकंद वेग सेकंदाला ५० बाइटपेक्षा कमी राहिला तर सोडून द्यायला सांगा. लिनक्सवर 'नोसिग्नल' १ करायला विसरू नका. 'ग्लोबल_इनिट' (लिबकर्लची सुरुवातीची तयारी) मेनमध्ये, थ्रेड जन्मायच्या आधी. आणि ४०४ (पान सापडलं नाही) आलं तरी लिबकर्ल 'ओके'च म्हणतं; रिस्पॉन्स कोड वेगळा तपासा.

एक गंमत मराठी पानांची. राइट कॉलबॅकला (उतरलेले तुकडे घेणाऱ्या फंक्शनला) एका वेळी जास्तीत जास्त १६,३८४ बाइट मिळतात, आणि यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. १६,३८४ ला ३ ने भागलं की १ उरतो. म्हणजे 'पातळी'तला 'ळ' तुकड्याच्या टोकाला मधोमध कापला जाऊ शकतो. तुकडे नुसते जोडत जा, शब्द शोधायचं काम सगळं आल्यावर.

थ्रेडकडून विंडोला निरोप 'पोस्टमेसेज'ने पाठवा; ते निरोप ठेवून लगेच परततं. उत्तर येईपर्यंत थांबणारं 'सेंडमेसेज' वापरलंत आणि मुख्य थ्रेड जॉइनवर उभा असला, तर दोघंही एकमेकांची वाट बघत जागच्या जागी राहतील. पोस्टमेसेज फसलं, तर सोबत पाठवलेली मेमरी आपणच सोडायची.

दुरुस्त कोड लेखात टाकला आहे. पातळीच्या आकड्याशेजारी तो कधी वाचला ती वेळही आता दिसते. फेरी फसली की जुना आकडा करड्या रंगात राहतो.