दोन अँटिव्हायरस म्हणजे दुप्पट संरक्षण? एका फिरत्या संदेशाला उत्तर

कोल्हापुरातील सोसायट्यांच्या आणि तालीम मंडळांच्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : विंडोजसोबत येणारे संरक्षण नावापुरते असते, म्हणून घरच्या संगणकावर किमान दोन अँटिव्हायरस टाकावेत, पैसे घालायचे नसतील तर सोबतच्या लिंकवरून ‘फुल व्हर्जन’ परवान्याच्या चावीसकट उतरवून घ्यावे, आणि एकदा ते बसवले की बँकेचे व्यवहार निर्धास्तपणे करावेत. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. परंतु त्यातले एकही विधान टिकत नाही आणि तिसरे तर घातक आहे.

पहिले विधान एके काळी बरेचसे खरे होते. मात्र २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून पूर्ण स्वरूपाचा अँटिव्हायरस विंडोजमध्येच असतो, आणि जर्मनीतील एव्ही-टेस्ट ही स्वतंत्र संस्था घेत असलेल्या चाचण्यांत विंडोजमधला हा अँटिव्हायरस, मायक्रोसॉफ्ट डिफेंडर, गेली काही वर्षे विकतच्या नामांकित उत्पादनांच्या बरोबरीने उतरत आला आहे. विकत घेण्यात गैर काहीच नाही. घरातील ज्येष्ठांना अडचण आल्यावर फोनवर मदत हवी असेल किंवा मुलांच्या वापरावर लक्ष ठेवायचे असेल, तर ते पैसे सत्कारणी लागतात. भीतीपोटी मात्र खर्च करू नये.

दोन अँटिव्हायरसचा सल्ला तर यंत्राच्या रचनेविरुद्धच जातो. सतत पहारा देणारा अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना मध्ये येऊन ती तपासतो. दोघे एकाच वाटेवर उभे राहिले की तपासणी दोनदा होते, संगणक रखडतो आणि कधी कधी एकाने बाजूला काढून ठेवलेली फाइल दुसरा नवा धोका समजतो. म्हणूनच दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस बसवल्यावर डिफेंडर साधारणपणे आपला पहारा आपणहून थांबवतो. संगणक मंद झाला म्हणून राजारामपुरीतल्या दुकानात रॅम वाढवायला नेण्यापूर्वी जास्तीचा अँटिव्हायरस काढून पाहावा.

आता त्या चावीविषयी. अशा फुकटच्या प्रतीसोबत बहुधा एक सूचना असते : बसवण्यापूर्वी चालू असलेला अँटिव्हायरस बंद करा. ज्या संरक्षणासाठी हा खटाटोप, तेच आधी उतरवून ठेवायचे आणि अनोळखी माणसाच्या प्रोग्रामला संगणकाचे सर्वाधिकार द्यायचे, असा हा व्यवहार आहे. घरगुती वापरकर्त्यांच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारी ‘स्टॉप’ नावाची रॅन्समवेअरची जात मुख्यतः अशाच क्रॅक, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेल्या, प्रतींतून पसरली. लग्नाचे फोटो, जमिनीचे स्कॅन केलेले उतारे, मुलांचे प्रकल्प हे सगळे हजार-दीड हजार रुपये वाचवण्यासाठी पणाला लावले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हेच चोरीच्या विंडोजलाही लागू आहे, कारण तिथे अपडेट अनेकदा मुद्दाम बंद केलेले असतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर सुमारे दीडशे देशांत पसरला. त्याने वापरलेली पळवाट बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिला होता. ज्यांनी तो वेळेत बसवला, त्यांच्या संगणकांत त्याला त्या पळवाटेने शिरता आले नाही. विंडोज १० चा नियमित आधारही, म्हणजे सुरक्षा अपडेट देणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हे जुना संगणक मुलांच्या हाती देताना ध्यानात ठेवावे.

उरला निर्धास्तपणा. पोलीस किंवा बँक अधिकारी असल्याचे सांगून कोणी फोनवर ओटीपी काढून घेतला, किंवा संगणकाचा ताबा देणारे एखादे अधिकृत अॅप आपल्याच हातून बसवून घेतले, तर अँटिव्हायरसला त्यात सहसा काहीच वावगे दिसत नाही. पैसे गेल्यास त्याच घटकेला सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवावे.

फाइलींची दुसरी प्रत ठेवण्याचे काम मात्र अँटिव्हायरसवर सोडू नये. ती वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी, काम झाल्यावर डिस्क संगणकापासून काढून ठेवावी, म्हणजे रॅन्समवेअर तिच्यापर्यंत पोहोचत नाही. आणि ज्यांच्या घरात २०१९ किंवा २०२१ ला पंचगंगेचे पाणी शिरले होते, त्यांनी ती वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या भागातील नातेवाइकांकडे ठेवावी.