लिंडसे घरी आली का?

मला आवडलेली मालिका बंद पडते, यावर आमच्या घरात आता एकमत झालं आहे. धाकटा भाऊ तर हात जोडतो, "ताई, माझी सिरीज तू बघू नको, तिचा दुसरा सीझन यायचाय अजून."

त्यात माझा जीव जडतो तो शाळकरी पोरांच्या तऱ्हेवाईक विनोदी मालिकांवर. म्हणजे मुळातच अल्पायुषी जात. हे दुःख मी एकटीने गिळलंही असतं. पण अमळनेरला आमच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, उन्हाळ्यात बिबड्या (ज्वारीचे पापड) घालायला आजीसोबत गल्लीतल्या काकू-मावशा जमतात आणि कावळे हाकलणं व गोष्ट सांगणं ही दोन्ही खाती माझ्याकडे असतात. तर एकदा मी 'फ्रीक्स अँड गीक्स' सांगायला घेतली.

१९८० सालचं मिशिगन. लिंडसे गणितात हुशार. आजी वारल्यावर ती बापाचं जुनं लष्करी जाकीट घालून टवाळ पोरांत बसायला लागते. ("आजी वारल्यावर" म्हणताच आमच्या आजीने माझ्याकडे रोखून पाहिलं.) शेवटी घरचे तिला हुशार मुलांच्या शिबिराला पाठवतात आणि ती वाटेतच एका बँडच्या मागे गावोगाव हिंडणाऱ्यांच्या व्हॅनमध्ये चढते. संपली.

"संपली?" घाट्याने, म्हणजे बिबड्यांच्या शिजवलेल्या पिठाने, भरलेला आजीचा हात कापडावर थांबला. "मंग पुढे काय जयं? पोर घर उनी का?"

मी समजावलं. आजी, ही १९९९ साली शनिवारी रात्री आठला लावली होती. ज्या वयाच्या पोरांसाठी काढली, ती शनिवारी रात्री घरात बसतात का? अठरा भाग तयार होते, पण बारा दाखवून मार्च २००० मध्ये गाशा गुंडाळला. पुढे त्यातलेच सेथ रोगन, जेसन सीगल, जेम्स फ्रँको मोठे नट झाले. आजीला नटांचं काय? तिला पोरगी घरी हवी. तिच्या रात्रीच्या सिरीयलमधली नायिका दोनदा मेली, तरी दोन्ही वेळा वेळेवर घरी आली.

खरं सांगते, मला तो शेवट तसाच आवडतो. सोळा-सतराव्या वर्षी व्हॅन कुठे निघालीय हे कुणाला ठाऊक असतं? पण बिबड्यांच्या सभेत असलं बोलायची सोय नाही. मी लिंडसेला परत आणून बी.एड.ला घातलं.

मग 'एव्हरीथिंग सक्स!' काढली. ओरेगनमध्ये बोरिंग नावाचं खरोखरचं गाव आहे, तिथली १९९६ सालची शाळा. मुलाच्या आईचं आणि मुलीच्या वडिलांचं, म्हणजे शाळेच्या प्राचार्यांचंच, जुळतं. घाटा गार झाला तरी कुणाला भान नाही. आणि अगदी शेवटी, सोडून गेलेला मुलाचा बाप दारात येऊन उभा! फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेली मालिका एप्रिलमध्ये रद्द.

धाब्यावर दोन तट पडले. शेजारच्या काकू बापाच्या बाजूने, "कसाही असो, नवरा आहे." आजीने फक्त प्राचार्यांची चौकशी केली, "त्याले सरकारी नोकरी से का?" शाळा सरकारीच, असं सांगितल्यावर बापाचा पक्ष साफ आडवा झाला.

'क्लोन हाय' सांगताना जरा धाकधूक होती. थोर माणसांच्या क्लोनची शाळा. त्यातल्या गांधीजींच्या चित्रणावरून आपल्याकडे निषेध झाला होता आणि २००३ मध्ये तेरा भागांवर ती आटोपली. शेवटी सगळी पोरं मांसाच्या शीतगृहात गोठतात. २०२३ मध्ये त्यांना वितळवून मालिका पुन्हा सुरू केली, २०२४ मध्ये पुन्हा रद्द. मेलेली माणसं पुन्हा जन्माला घातली, ती एकाच वर्गात बसली, प्रेमात पडली, हे सगळं धाब्याने बिनतक्रार मान्य केलं. अडलं ते एकाच ठिकाणी. वीस वर्षं शीतगृह चालू आणि मध्ये एकदाही लाईट गेली नाही?

"कोनती कंपनीनं व्हतं?" आजीने विचारलं.

ते दाखवलेलं नाही. पुढच्या सीझनमध्ये कळलं असतं.