सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ

सकाळी सकाळी डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. चहा गार झाला तरी चालेल.

आमच्या घरच्या ग्रुपवर भाच्याने दिवाळीनंतरच्या सहलीचा प्लॅन टाकला. चौदा माणसं, टेम्पो ट्रॅव्हलर, रविवारी रात्री संभाजीनगरला मुक्काम. सोमवारी आरामात नाश्ता करून निघायचं, अकरा ते एक अजिंठा. मंगळवारी वेरूळ, मग दौलताबाद, मकबरा, पाणचक्की आणि वेळ उरला तर पैठणी खरेदी. खाली अकरा अंगठे आणि एक नाचणारी बाई.

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. वेरूळची मंगळवारी. म्हणजे आठवड्याच्या सात दिवसांतून पोराने नेमके ते दोन दिवस हुडकून काढले. मुद्दाम ठरवून केलं असतं तरी इतकं अचूक जमलं नसतं.

मी शांतपणे लिहिलं, बाळा, वार बदल. उत्तर आलं, "मावशी, हॉटेलचं बुकिंग झालंय, पैसे परत मिळत नाहीत. बाहेरून तर दिसेल ना?"

बाहेरून! अरे, तो काय गेटवे ऑफ इंडिया आहे का, टॅक्सीतून मान बाहेर काढली की दिसला? आपली गाडी टी पॉइंटलाच थांबते. तिथून त्यांच्या बसने चार किलोमीटर आत जायचं, मग पायऱ्या चढायच्या, तेव्हा कुठे वाघूर नदीच्या वळणावर ती घोड्याच्या नालासारखी वाकलेली कड्याची रांग समोर येते. बाहेरून तुला दिसतील स्वेटरची, टोप्यांची दुकानं आणि गारगोट्या विकणारी माणसं.

हे मला कसं माहीत, ते ऐका. २०१४ साली मी अण्णांना घेऊन तिथवर गेले होते. माझे वडील चिपळूणजवळच्या एका हायस्कुलात ३१ वर्षं चित्रकला शिकवत होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या पोरांना दरवर्षी अजिंठा शिकवायचे. गॅदरिंगच्या आदल्या रात्री फळ्यावर रंगीत खडूंनी पद्मपाणी काढायचे, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला तो बोधिसत्त्व. तोच तो, हातात निळं कमळ, डोळे खाली झुकलेले, कमरेत, मानेत बाक. सकाळी पोरं तो बघायला रांग लावायची आणि सोमवारी शाळेचा शिपाई डस्टर फिरवायचा. हा पद्मपाणी अण्णांनी उचलला होता एका जुन्या कॅलेंडरवरून. प्रत्यक्ष अजिंठा त्यांनी पाहिलेला नव्हता. शाळेची सहल कायम गणपतीपुळे नाहीतर पन्हाळा. जळगाव कुठे आणि आम्ही कुठे.

तर रिटायर झाल्यावर अकरा वर्षांनी मी त्यांना नेलं. पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने जळगाव, तिथे लॉज, सकाळी गाडी करून साठेक किलोमीटर. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातलेला. खिशात छोटी वही, दोन पेन्सिली. टी पॉइंटला उतरलो तर शुकशुकाट. चहावाला म्हणाला, "काका, आज सोमवार आहे ना."

संध्याकाळची परतीची गाडी, बुधवारी माझं ऑफिस. अण्णा काही बोलले नाहीत. चहा प्यायले. एका पोराकडून जांभळी गारगोटी घेतली, घासाघीस न करता. आणि म्हणाले, "चला, रस्ता तरी बघून झाला."

'बाहेरून दिसेल ना' हे वाचलं की मला तो सदरा आठवतो. आता कळलं का राग कशाचा?

बरं, हे एवढ्यावर संपलं असतं तर मी भाच्याला फोन करून मिटवलं असतं. पण मग आमचे थोरले मावसभाऊ अवतरले. म्हणे, "नाहीतरी अजिंठ्यात आता काही राहिलेलं नाही. सगळं पुसलंय. नुसता अंधार. त्यापेक्षा वेरूळ करा, पैसा वसूल." दादा, तिकीट ४० रुपये. त्यात कसला पैसा वसूल करताय?

आणि पुसलंय म्हणजे काय? नववं-दहावं लेणं दोन हजार वर्षांपूर्वीचं, बाकीची बरीचशी वाकाटक राजांच्या काळातली, पाचव्या शतकातली. माती, भाताचं तूस, गवताचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा हात आणि त्यावर गेरू, पिवडी, काजळी. फक्त तो निळा रंग लांबून, अफगाणिस्तानाकडून आलेला. आपल्या बाथरूमचा डिस्टेंपर तीन पावसाळे टिकत नाही, आणि आपण बोलणार.

माणसांनीही कमी छळलेलं नाही. १८१९ साली तो जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर पहिलं काम काय केलं, तर स्वतःचं नाव कोरलं. (आपली 'पप्पू लव्हज पिंकी' मंडळी त्याचीच वंशज.) पुढे १९२० च्या सुमाराला इटलीहून तज्ज्ञ आणले, त्यांनी वरून व्हार्निश दिलं, ते नंतर पिवळं पडलं. त्याआधी रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे वर्षानुवर्षं राहून चित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या, १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ ला तिथेही आग, त्यातल्याही कित्येक गेल्या. नकला तिकडे दोनदा जळाल्या आणि मूळ भिंत वटवाघळं, पावसाचं पाणी, धूर सगळं सोसून वाघुरीच्या काठी अजून उभी आहे. आणि आमचे दादा सोफ्यावर बसून म्हणतात, काही राहिलेलं नाही!

वेरूळबद्दल मला काही म्हणायचं नाही. कैलास लेण्यापुढे कोण काय बोलणार. अख्खा डोंगर वरून खाली कोरत आलेली माणसं ती. पण कैलास उन्हात उभा आहे. तुम्ही नुसतं गेलात तरी तो दिसतो, पाठ फिरवून सेल्फी काढलात तरी दिसतो. अजिंठ्याचं तसं नाही. तिथे थांबावं लागतं.

आता ही गोष्ट अण्णांचीच आहे, त्यामुळे पुन्हा अण्णा.

२०१६ च्या जानेवारीत आम्ही परत गेलो. या वेळी बुधवार. नऊ वाजता पहिल्या लेण्याच्या दाराशी. चपला बाहेर काढल्या, आत पाऊल टाकलं आणि खरंच, काही दिसेना. अंगणातल्या उजेडातून एकदम माजघरात गेल्यावर होतं तसं. मंद दिवे, त्यात काळपट भिंत. तेवढ्यात मागून एक मोठा ग्रुप आला. त्यांच्या माणसाने बॅटरी फिरवली, "ये देखिये पद्मपाणी, वो देखिये वज्रपाणी, चलो चलो, अभी बहुत केव्हज बाकी हैं." चार मिनिटांत सगळे बाहेर. एक बाई जाताना म्हणाली, "फोटोत किती छान दिसतं, नाही?"

अण्णा मधल्या मोकळ्या जागेत खाली बसले. सरळ मांडी घालून. तिथला रखवालदार आमच्याकडे यायला लागला, मला वाटलं आता उठवणार. तो म्हणाला, "बसा बाबा. दहा मिनिटांत डोळे सरावतात, मग दिसतं."

आणि दिसतं हो! आधी मुकुट दिसला. मग खांद्याचा उतार, मग ते कमळ. रंग खालून वर येतात, विहिरीत वाकून बघितल्यावर हळूहळू तळ दिसतो तसे. अण्णा एक अक्षर बोलत नव्हते. वही खिशातच. बऱ्याच वेळाने मला जवळ बोलावलं आणि कुजबुजले, "अगं, माकडं आहेत."

कॅलेंडरवाल्याने फक्त पद्मपाणी कापून घेतला होता ना. कमरेच्या वरचा, एकटा. इथे त्याच्या भोवती माकडं, मोर, किन्नर, स्त्री-पुरुष, गजबज नुसती. ३१ वर्षं फळ्यावर त्यांनी त्याला एकटा उभा केला होता. "सगळ्या बॅचेसना चुकीचं शिकवलं मी," असं म्हणाले आणि हसायला लागले. मग रडले थोडे. मग पुन्हा वर बघत बसले. पहिल्या लेण्यात आम्ही पाऊण तास होतो. सतराव्यात त्याहून जास्त. सव्विसाव्यात, त्या निजलेल्या बुद्धापाशी, पोचेपर्यंत तीन वाजले होते. तीस लेण्यांतली आम्ही सात पाहिली. कुणी विचारलं की सांगतो, सातच पाहिली.

मान्य आहे, सगळ्यांना एवढी रजा मिळत नाही. हेही मान्य की सुट्टीच्या दिवशी गर्दी उसळली की रखवालदारसुद्धा पुढे सरका म्हणतो, त्याचं काही चुकत नाही, माणसांच्या श्वासाने ती चित्रं खराब होतात. लहान पोरं कंटाळतात, तेही खरं. मग पोरांना नदीकाठी सोडा, पण 'अकरा ते एक अजिंठा' असं लिहू नका हो. शंभर किलोमीटर जाणार, बसच्या रांगेत उभे राहणार, पायऱ्या चढणार आणि अंधाराला चार मिनिटं देणार. मग म्हणणार, काही राहिलेलं नाही.

इतकं टाइप केलं आणि आता जरा शरम वाटतेय. भाचा २६ वर्षांचा आहे. चौदा नातेवाईकांचे नखरे सांभाळत, कुणाला खालचा मजला, कुणाला जैन जेवण, हे सगळं एकट्याने जुळवतोय. आणि प्लॅनच्या पहिल्याच ओळीत त्याने लिहिलं होतं, 'आजोबांना परत एकदा अजिंठा दाखवायचा.' ते मी रागात नीट वाचलंच नाही.

शिवाय २०१४ चा सोमवार कुणी ठरवला होता? मीच की. बंदचा वार तेव्हाही सगळीकडे लिहिलेला होता. मी लॉजवाल्याला गरम पाणी किती वाजता येतं हे तीनदा विचारलं, लेणी कधी उघडी असतात हे एकदाही नाही. अण्णांनी आजवर त्याचा उल्लेख केलेला नाही. ती जांभळी गारगोटी मात्र टीव्हीशेजारी ठेवलीय, येता-जाता मला दिसेल अशी. यावर मी जास्त विचार करत नाही.

अण्णा आता ८२ वर्षांचे आहेत. गुडघे गेलेत. मी सुचवलं, तिथे डोलीवाले असतात, खुर्चीत बसवून चार जण वर नेतात. तर म्हणाले, "चार माणसांच्या खांद्यावरून मी इतक्यात जाणार नाही."

आत्ता हे लिहिता लिहिता ग्रुप वाजला. भाच्याचा नवा प्लॅन. सोमवारी दौलताबाद आणि मकबरा, मंगळवारी आराम आणि पैठण्या, बुधवारी अजिंठा, नऊ ते पाच, दुसरं काहीही नाही. वेरूळ गुरुवारी. दोन रात्री वाढवून घेतल्या म्हणे, हॉटेलवाला ऐकला. दादांचा अंगठा अजून आलेला नाही, न येवो.

आणि त्याखाली अण्णा. वर्षातून एकदा ग्रुपवर बोलतात, तेही नमस्काराच्या दोन हातांनी. आज चक्क अक्षरं आहेत.

'फरशी फार गार असते. मोजे आणणे. डोली नको.'