पोफर्चेस म्हणजे आप्पे नव्हेत

नेदरलँड्समध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसासमोर पोफर्चेसची, म्हणजे छोट्या फुगीर डच पॅनकेकची, बशी ठेवली, की तो एक नजर टाकून "अरे, हे तर आपले आप्पे!" असे जाहीर करतो. ॲमस्टेलवेनमधल्या निम्म्याअधिक मराठी मंडळींच्या तोंडून मी हे वाक्य ऐकले असेल, आणि त्यातून आजवर कोणाचे काही बिघडले नव्हते. गेल्या एप्रिलमध्ये मात्र ते तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या माझ्या आईने उच्चारले, आणि आमच्या घरात आईचे उद्गार थेट ठराव म्हणून मंजूर होतात. "आप्पेच करायचे ना? मग बाहेर एवढे पैसे कशाला मोजता? पोरीच्या वाढदिवसाला मी घरी करते," असे तिने नातीसमोरच सांगून टाकल्यामुळे माघारीचा रस्ताही बंद झाला.

वास्तविक पोफर्चेस हे जत्रेतले खाणे आहे. ठेल्यावरच्या रुंद तव्यात उथळ खळग्यांच्या रांगा असतात, त्यांत पातळ पीठ सोडले जाते, आणि वरची बाजू अजून ओलसर असतानाच विक्रेता काट्याच्या टोकाने एकेक पोफर्चे इतक्या झपाट्याने उलटत जातो की पाहणाऱ्याची नजर त्याच्या हातामागे पडते. मग बशीत लोण्याचा एक गोळा येतो आणि त्यावर पिठीसाखरेचा जाड थर. पहिला घास तोंडाशी नेताना श्वास सोडायचा नाही, हा नियम कोणी सांगत नाही. तो काळा सदरा घातलेल्या दिवशी आपोआप कळतो.

ठरावाची अंमलबजावणी होण्यापूर्वी आईला अस्सल डच चव कळावी, म्हणून आम्ही तिला पॅनकेकच्या एका उपाहारगृहात नेले. डच पॅनकेक हे न्याहरीचे खाणे नसून रात्रीचे जेवण आहे आणि इथली रात्र संध्याकाळी सहाला होते, हे तिला समजावण्यातच बराच वेळ गेला. ताटभर पसरलेले एकच धिरडे आणि सोबतीला ना भाजी ना आमटी, हा प्रकार पाहून ती "जेवण मागून येणार असेल" या आशेवर शांत बसून राहिली. आईला अंडे चालते, मात्र ते दिसता कामा नये, त्यामुळे त्या बाजूने अडचण नव्हती. अडचण होती ती यादीतल्या सर्वांत लाडक्या प्रकाराची. त्यात डुकराच्या मांसाचे काप तव्यावर परतून त्यांच्यावरच पीठ ओततात आणि वरून बिटाच्या साखरेचा काळपट दाट पाक घेऊन खातात. आम्ही सफरचंदाचा पॅनकेक मागवला आणि वाढणाऱ्या मुलाला सहज विचारले, की शाकाहारी पॅनकेकसाठी तवा वेगळा असतो का. समोरच्याला बरे वाटावे म्हणून थोडे खोटे बोलणे हे डच स्वभावात बसत नाही. तो प्रसन्नपणे म्हणाला, "नाही, तवे तेच. पण आम्ही ते पुसतो." त्या संध्याकाळी आईने देठासकट पुदिना घातलेला पेलाभर गरम चहा घेतला, पाक बोटाने चाखून "ही काकवी आहे" असा निर्वाळा दिला, आणि घरी आल्यावर दहीभात खाल्ला.

गोड खाऊच्या बाबतीतही तिची हीच परवड झाली. रंगीबेरंगी गोळ्यांच्या बहुतेक पुड्यांवर जिलेटिन छापलेले, त्यामुळे शेजारच्या डच आजोबांनी मोठ्या प्रेमाने ड्रॉपची पुडी आणून दिली, तेव्हा मी आधी त्यातले घटक वाचून घेतले. ड्रॉप म्हणजे ज्येष्ठमधाच्या अर्काच्या काळ्या गोळ्या, ज्यांच्यावर या देशाचा जीव आहे. ज्येष्ठमध म्हटल्यावर आईचा चेहरा खुलला, कारण घसा धरला की आमच्याकडे तेच चघळायला देतात. परंतु आजोबांची पुडी दुप्पट खाऱ्या जातीची होती, आणि या खाऱ्या जातीत जो क्षार घालतात तो अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर. आईने गोळी तोंडात ठेवली, दोन क्षण आढ्याकडे पाहिले आणि आजोबांचा मान राखण्यासाठी ती न थुंकता मला मराठीत म्हणाली, "अरे, ही तर कल्हई!" कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकी तेव्हा उठणारा धूर ज्याने हुंगला आहे, त्याला या निदानातली अचूकता कळेल. आजोबांनी "आवडली का?" असे विचारले आणि मी माझ्या परीने अनुवाद केला.

वाढदिवस जवळ आला तशी पिठांची शोधाशोध सुरू झाली. पोफर्चेसना मैद्याबरोबर बकव्हीटचे पीठ लागते, म्हणजे उत्तरेकडे उपासाला खातात ते कुट्टूचे पीठ. गहू धड न पिकणाऱ्या इथल्या रेताड जमिनींत पूर्वी हेच पीक घेत आणि गरिबाचे पोट त्यावर भरे. आज ते सुपरमार्केटच्या सर्वांत वरच्या फळीवर आरोग्यदायी पदार्थांच्या शेजारी भारदस्त किमतीला विराजमान आहे. त्याखाली साधा मैदा, केकचा मैदा, स्वतःच फुगणारे पीठ आणि तयार मिश्रणाची खोकी. खोक्यात नुसते दूध आणि अंडे घातले की भागते, हे मी सुचवून पाहिले. "तयार पीठच आणायचे तर माझा व्हिसा कशाला काढलास?" या प्रश्नाला उत्तर नव्हते.

आईने सामानातून आणलेले आप्पेपात्र ॲल्युमिनियमचे निघाले, आणि आमची शेगडी इंडक्शनची. ज्या भांड्याला चुंबक चिकटत नाही, त्याची ती दखलही घेत नाही. आप्पेपात्र ठेवले, बटण दाबले, शेगडीने एक अगम्य खूण लुकलुकवली आणि डोळे मिटून घेतले. शिवाय आप्प्यांचे खळगे खोल असतात, आणि या सैलसर पिठाला तेवढी खोली मिळाली की बाहेरून करपून आत गिळगिळीत राहते, असे माझे म्हणणे होते, पण ठरावावर चर्चा झाली नाही.

बिडाचे पोफर्चेसपात्र अखेर २७ एप्रिलला, राजाच्या वाढदिवसाला मिळाले. त्या दिवशी सगळा देश नारिंगी कपडे घालून घरातल्या अडगळीसह रस्त्यावर बसतो, आणि जवळजवळ प्रत्येक सतरंजीवर एक तरी पोफर्चेसपात्र असते, यावरून ते घरी करण्याचा उत्साह डच माणसालाही किती टिकतो, याचा अंदाज मी तेव्हाच बांधायला हवा होता. पात्र गंजलेले होते, पण आईचा जन्म बिडाच्या तव्यावर घावन घालण्यात गेलेला. तिने गंज घासून काढला, तेल चोपडून पात्र रात्रभर ठेवले आणि सकाळी रिवाजाप्रमाणे त्यात भरपूर कांदा परतला. नेदरलँड्समध्ये २०२२ पासून घराच्या प्रत्येक मजल्यावर धुराचा इशारा देणारे यंत्र बसवणे बंधनकारक आहे, आणि आमची दोन्ही यंत्रे उत्तम स्थितीत आहेत, याची खात्री त्या सकाळी आमच्याबरोबर शेजारच्या आजोबांनाही पटली.

वाढदिवसाच्या दुपारी यीस्ट घातलेले पीठ तासभर फुगवून आई शेगडीपाशी उभी राहिली. समोर पाच डच मुली हातात काटे घेऊन परीक्षकांच्या गांभीर्याने बसल्या होत्या. शेगडीची आच मध्यभागीच लागत असल्यामुळे मधले पोफर्चेस तांबूस होऊन उड्या मारायला तयार, तर कडेचे पांढरेफटक. आई विणकामाच्या सुईने मधले उलटून काढी, कडेचे मध्ये सरकवी, आणि तेवढ्यात रिकाम्या खळग्यातले लोणी जळू लागे. "उलट, आजी, आत्ता उलट!" अशी आमची कन्या दोन भाषांत ओरडत होती. पहिली बशी लोणी-साखरेसह टेबलावर गेली. एका मुलीने एक पोफर्चे सावकाश चावले, विचार केला आणि अगदी सौजन्याने म्हणाली, "छान झालंय. पण यात कांदा का आहे?" त्यानंतर पाचही जणींनी कांद्याच्या वासासह सगळे पीठ संपवले आणि आणखी मागितले, ही गोष्ट न्यायाच्या दृष्टीने नोंदवली पाहिजे.

मुली गेल्यावर आईने सुई बाजूला ठेवली, ओट्यावर, चष्म्यावर आणि मनगटापर्यंत पसरलेली पिठीसाखर पाहिली आणि ठराव मागे घेतला: "हे आप्पे नव्हेत. आप्प्यांचे एवढे नखरे नसतात."

आता ती सांगलीला परतली आहे, आणि ३१ डिसेंबर जवळ आला आहे. त्या रात्री इथे बेदाणे घातलेले यीस्टचे गोळे तेलात तळतात, आणि घरभर वास बसू नये म्हणून अनेक जण कढई परसातल्या खोपटात किंवा बाल्कनीत मांडतात. व्हिडिओ कॉलवर कन्येने आजीला त्यांचा फोटो दाखवला. आईने फोन डोळ्यांजवळ धरून म्हटले, "अगं, हे तर आपले गुलगुले!" बायकोने त्याच संध्याकाळी वाऱ्यापावसात बाल्कनीत तळण करणार कोण, असे मला विचारले. सध्या मी हवामानाचा अंदाज पाहतो आहे.