ओमेगा सेंटॉरी हा निव्वळ तारकागुच्छ नव्हे
तारकागुच्छांवरच्या एका लेखात ओमेगा सेंटॉरीला इतर गोलाकार तारकागुच्छांच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने चेंडूसारख्या एकत्र बांधलेल्या ताऱ्यांच्या समूहांच्या, रांगेत बसवले आहे, ते मला अपुरे वाटते. सुमारे १७,००० प्रकाशवर्षांवरच्या या गुच्छात जवळपास १ कोटी तारे असून त्यांतील जड मूलद्रव्यांचे (हायड्रोजन-हेलियमपेक्षा जड) प्रमाण एकसारखे नाही; साध्या गुच्छात ते बहुधा सारखेच असते. म्हणूनच आकाशगंगेने गिळलेल्या एखाद्या बटू (लहान) दीर्घिकेचा हा उरलेला गाभा असावा, असे अनेक खगोलशास्त्रज्ञ मानतात. हबल दुर्बिणीने २० वर्षांत टिपलेल्या छायाचित्रांतून केंद्राजवळ सात अतिवेगवान तारे सापडले, आणि त्यांना धरून ठेवायला किमान ८,२०० सूर्यांइतक्या वस्तुमानाचे कृष्णविवर तिथे असायला हवे, अशी मांडणी २०२४ मध्ये झाली. मे महिन्यातल्या अंधाऱ्या रात्री कोकण किनाऱ्यावरून दक्षिणेला साध्या द्विनेत्रीतून तो कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो. मी दरवर्षी आवर्जून पाहतो.