बर्फावरचा गोली फुकटचा पगार घेत नाही

उन्हाळ्यात सोलापूर तापलं की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर गारव्याचे फॉरवर्ड सुरू होतात. सध्या फिरतोय तो असा: ‘जगातली सगळ्यात आरामाची नोकरी म्हणजे आइस हॉकीचा गोलकीपर. एसीपेक्षा गार जागेत नुसतं उभं राहायचं. अंगभर गाद्या, लागायची भीती नाही. पगार कोटींत. खोटं वाटतं? कॅनडात बर्फ साफ करणारा ४२ वर्षांचा ड्रायव्हर एका रात्रीत गोलकीपर झाला आणि मॅच जिंकला! सोलापूरच्या पोरांनो, लागा कामाला.’

विनोद म्हणून सोडून दिलं असतं. पण पार्क चौपाटीवर पावभाजी खाता खाता लोक हे खरं धरून बोलताना ऐकले, म्हणून लिहितोय.

आधी ड्रायव्हरचं घेऊ, कारण पगार सोडला तर एवढ्या मजकुरात तीच गोष्ट खरी आहे, आणि तीही अर्धी. त्याचं नाव डेव्हिड एअर्स. २२ फेब्रुवारी २०२० ची संध्याकाळ, टोरांटो. पाहुण्या कॅरोलायना हरिकेन्स संघाचे दोन्ही गोलरक्षक एकाच सामन्यात जखमी झाले. अशा वेळी कुठल्याही संघाला उतरवता येईल असा एक राखीव गोली (गोलरक्षक) यजमानांनी तयार ठेवायचा, असा तेव्हा नियम होता. त्या दिवशी ती पाळी एअर्सची होती. बर्फ गुळगुळीत करणारं झँबोनी यंत्र त्यानं चालवलं होतं हे खरं. पण हाच माणूस टोरांटोच्या खेळाडूंना सरावात गोली म्हणून उपयोगी पडायचा, त्यांचे फटके अंगावर घ्यायचा. हे वाक्य फॉरवर्डमधून गळलंय. शिवाय २००४ मध्ये त्याच्यावर मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेलं, मूत्रपिंड आईनं दिलेलं.

आणि मॅच ‘जिंकला’ म्हणजे काय? त्याच्याकडे आलेले पहिले दोन्ही फटके जाळीत गेले. नंतरचे ८ त्यानं अडवले, कॅरोलायना ६-३ नं जिंकली. शेवटच्या २० मिनिटांत त्याच्यापुढच्या खेळाडूंनी जीव तोडून बचाव केला आणि टोरांटोला फक्त ७ फटके मारू दिले. का? तर मागे कोण उभा आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एअर्सचं कौतुक करावं तेवढं थोडंच, पण एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या सर्वोच्च लीगमध्ये, तो पुन्हा कधीच खेळला नाही.

आता ‘नुसतं उभं राहायचं’. जाळी ६ फूट रुंद, ४ फूट उंच. पक म्हणजे कडक रबराची चकती, वजनाला साधारण आपल्या सीझन बॉलएवढी. उसळू नये म्हणून ती सामन्याआधी गोठवून ठेवतात. चांगला फटका ताशी १६० किलोमीटरच्या पुढे जातो. ६० फुटांवरून तो आला तर हाताशी ०.४ सेकंद, आणि डोळ्यांनी पाहून अंग हलायलाच त्यातलं निम्मं जातं. त्यात समोर दोन-चार धिप्पाड गडी मुद्दाम आडवे उभे. त्यामुळे गोली पकपेक्षा मारणाऱ्याची काठी आणि खांदा वाचतो, पुढे सरकून कोन बंद करतो, गुडघ्यांवर पडतो, उठतो, पुन्हा पडतो. हे सगळं २० किलोच्या आसपासचा सरंजाम अंगावर घेऊन. ३० पैकी २७ अडवले तर आपण टाळ्या वाजवू. एनएचएलमध्ये ९० टक्के म्हणजे जेमतेम.

‘गाद्यांमुळे लागत नाही’ हे वाचून मला खरा राग आला. ज्या काळात तोंडावर काहीच नसायचं तेव्हाची गोष्ट. १ नोव्हेंबर १९५९, न्यूयॉर्क. अँडी बॅथगेटचा फटका माँट्रियलचा गोली झाक प्लांटच्या थेट तोंडावर बसला. टाके घातले. प्रशिक्षक टो ब्लेक मुखवट्याच्या विरोधात होते. प्लांट म्हणाला, मुखवटा नसेल तर मी बर्फावर जात नाही. बदली गोली हाताशी नव्हता, ब्लेकना ऐकावं लागलं, आणि माँट्रियल ३-१ नं जिंकली. (चादरींच्या गावाला आवडेल अशी माहिती: हा प्लांट स्वतःच्या लोकरी टोप्या स्वतः विणायचा.) त्याच काळातला ग्लेन हॉल १९५५ ते १९६२ मुखवट्याविना सलग ५०२ सामने खेळला. सामन्याआधी त्याला ओकारी व्हायची. आरामाची नोकरी!

मुखवटे आल्यावर तरी? २२ मार्च १९८९ ला बफेलोत एका खेळाडूच्या स्केटचं पातं गोली क्लिंट मालारचुकच्या गळ्यावरून फिरलं, मानेतली शीर कापली गेली. संघाच्या, व्हिएतनाम युद्धात काम केलेल्या प्रशिक्षण-सहायकानं ती बोटांनी दाबून धरली म्हणून तो वाचला. काही दिवसांतच तो पुन्हा जाळीसमोर उभा होता. मनावरचा घाव मात्र त्यानं पुढं अनेक वर्षं सोसला. बाकी गुडघे आणि खुब्यांची झीज ही तर रोजचीच, तिची बातमीही होत नाही.

पगार? वरच्यांचा कोटींतच आहे, नाकारत नाही. माँट्रियलचा गोली कॅरी प्राइसनं २०१७ मध्ये ८ वर्षांसाठी ८ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला. गुडघ्यानं दगा दिला, एप्रिल २०२२ मध्ये वयाच्या ३४ व्या वर्षी शेवटचा सामना. करारातले पैसे त्याला मिळत राहिले, हे फॉरवर्डवाल्यांनी खुशाल आपल्या बाजूनं मोजावं. पण ३२ संघ, प्रत्येकात साधारण दोन गोली, म्हणजे त्या दर्जाच्या जागा जगभरात ६४ च्या आसपास. एका वेळी त्यातले निम्मे बाकावर. उरलेले खालच्या लीगमध्ये, बसनं रात्र-रात्र प्रवास करत.

राहिली सोलापूरची पोरं. आपल्याकडे बर्फाचं मैदानच नाही. देशातला हा खेळ मुख्यतः लडाख आणि स्पितीच्या गोठलेल्या पाण्यावर वाढला, आणि तिथल्या मुलींच्या जोरावर २०२५ मध्ये भारतीय महिला संघानं आशिया चषकात कांस्य मिळवलं. गोली व्हायचीच हौस असेल तर साधी हॉकी आहे. पी. आर. श्रीजेशकडे दोन ऑलिंपिक कांस्यं आहेत, आणि त्याचं पहिलं गोलीचं किट घ्यायला वडिलांनी गाय विकली होती. पुढच्या वेळी फॉरवर्ड करताना निदान हा खर्च तरी त्यात लिहा.