पाच लाखांचं कवच फक्त खाटेपुरतं

डिस्चार्ज मिळाला म्हणजे माणूस बरा झाला, असं ज्या कुणी ठरवलंय त्याने लकवा मारलेल्या माणसाला एकदा तरी खाटेवरून उठवून संडासापर्यंत न्यावं. डावा हात लोंबतोय, पाय फरफटतोय, शब्द तोंडातच अडकतोय, आणि कागदावर लिहिलंय ‘पेशंट स्टेबल’. अहो, जिवावरचं टळलं, एवढाच त्याचा अर्थ! उभं राहायला, घास तोंडापर्यंत न्यायला पुढे कित्येक महिने फिजिओथेरपी लागते. डॉक्टरच बजावतात की पहिले तीन महिने वाया घालवू नका, सुधारणा जास्त करून त्यातच होते.

आणि नेमकं त्याच तीन महिन्यांत योजना हात वर करते.

आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आपल्याकडे एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कवच. चौकाचौकात फलक आहेत. पण हे कवच भरती असेपर्यंतच, हे त्या फलकावर कुठे लिहिलंय? आयुष्मानच्या नियमात भरतीआधीचे ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरलेत, तेही औषधं आणि तपासण्यांसाठी. ओपीडी योजनेत नाहीच. घरी गेल्यावरची फिजिओथेरपी, बोलायला शिकवणारी स्पीच थेरपी, वॉकर, सगळं आपल्या खिशातून.

माझ्या वडिलांना लकवा मारला, त्यांच्या उपचाराचं बिल ५ लाखांच्या जवळपासही गेलं नाही. उरलेली रक्कम कार्डावर तशीच आहे आणि वर्ष सरलं की हातची जाणार. दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला विचारलं, शिल्लक आहे तर फिजिओला का नाही वापरता येत? “दादा, पॅकेजमध्ये बसत नाही.” म्हणजे योजनेने ठरवलेल्या उपचारांच्या यादीत ते नाही. त्या पोरावर माझा राग नाही, त्याच्यापुढे जो नियम आहे तो त्याने सांगितला. राग याचा आहे की भरती झाल्यापासून डिस्चार्जपर्यंत एकानेही आपणहून हे सांगितलं नाही. आधी कळलं असतं तर आम्ही पैशांची काहीतरी सोय लावली असती. घरी येणारा फिजिओ एका वेळेचे ५०० रुपये घेतो. आई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायची, ती आता वडिलांजवळ बसून असते. घरातल्या दोन मिळकती एकदम थांबल्या आणि खर्च मात्र रोजचा.

लगेच कुणीतरी म्हणेल, सरकारी दवाखान्यात जा, तिथे फुकट आहे. खरंय, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केलेत, आणि जिल्हा रुग्णालयात फिजिओ असतो. पण जिल्हा गावापासून लांब. अर्धं अंग गेलेला माणूस एसटीत चढवायचा कसा? १०८ ची गाडी तातडीच्या पेशंटसाठी, व्यायामाला न्यायला ती येत नाही. खासगी गाडी करावी तर भाडं फिजिओच्या फीपेक्षा जास्त. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था १९५५ पासून आहे. आमच्यासारख्यांनी तिथे राहायचं कुठे, खायचं काय?

सगळ्यात संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. उद्या वडील तोल जाऊन पडले आणि खुब्याचं हाड मोडलं, तर त्या ऑपरेशनला पॅकेज आहे. कार्ड चालेल, फोटो निघेल, मंजुरी येईल. पण पडू नये म्हणून तोल सांभाळायला शिकवणाऱ्या माणसाचे ५०० रुपये कुणी द्यायचे नाहीत! सरकारचाच पैसा वाचेल, एवढा साधा हिशेब मंत्रालयात कुणालाच जमत नाही का? जीव वाचवायला आयसीयूचा खर्च केला ना? मग तो माणूस आयुष्यभर खाटेवर पडून राहिला तर त्या खर्चाचं काय झालं?

जास्त काही मागत नाही. कवचातली शिल्लक डिस्चार्जनंतर निदान तीन महिने फिजिओसाठी वापरू द्या, तालुक्याच्या गावातला फिजिओ योजनेत घ्या. आणि ते होईपर्यंत डिस्चार्ज कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरात छापा की इथून पुढचा कोणता खर्च योजनेत नाही. ज्यांचं माणूस आज भरती आहे त्यांनी सुट्टीच्या आधीच आरोग्यमित्राला हे स्पष्ट विचारा आणि वॉर्डातल्या फिजिओकडून सगळे व्यायाम मोबाईलवर व्हिडिओ काढून घ्या. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.